पंचक सुटेपर्यंत

आमच्या घरात मरणाचा विषय काढलेला चालत नाही. म्हणजे स्वतःच्या मरणाचा. दुसऱ्याच्या मरणावर आम्ही चहा, खारी आणि अख्खी दुपार खर्च करू शकतो. कोणाला आधी कुठल्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, कोणाची सून शेवटपर्यंत बघायला आली नाही, कोणाच्या दहाव्याला कावळा शिवेना, हे सगळं आम्हाला तोंडपाठ असतं. पण घरातल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या शेवटाबद्दल दोन वाक्यं बोलायची म्हटली, की सगळ्यांच्या घशात घास अडकतो. "असं अभद्र बोलू नये," एवढंच आमचं मरणाविषयीचं तत्त्वज्ञान. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि अजून कुणाला त्याचा उपयोग झालेला नाही.

आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एका रविवारी भर जेवणात हे अभद्र बोलणं केलं. आबा फौजेतून हवालदार होऊन परत आले, मग कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्यांनी ऊस केला आणि ऐंशी ओलांडली तेव्हा त्यांची फुप्फुसं थकली. थंडीत त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असायचं. आई आधीच गेली होती. त्या रविवारी आम्ही तिन्ही भावंडं घरी होतो. मी सगळ्यांत मोठी, साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दोघा भावांतला थोरला आबांच्या जवळ गावात शेती बघणारा. धाकटा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत.

आबा आदल्या दिवशी मिरजेला जाऊन आले होते. त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार तिथे दवाखान्यात पडून होता. रविवारी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "गड्याचं दोन्ही हात खाटंला बांधलं हुतं. का, तर म्हनं नळी उपसतोय. नाकावर माशी बसली हुती, ती त्याला हानता येईना. डोळ्यानं मला दावत हुता. मग मी हानली."

आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि थोडा दम खाऊन पुढे म्हणाले, "माझं कायबी करा, पर हात बांधू नगा. नळी घालून नुसती वाटच बगायची आसंल, तर त्यापरास घरी घिऊन या."

थोरला म्हणाला की आबा, जेवताना कशाला हे अभद्र. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, उपाय म्हणून त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. धाकट्याने सांगितलं की आता सायन्स लय पुढे गेलंय, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी म्हणाले, "बरं." त्या 'बरं'ला काही अर्थ आहे असं त्या घरात दोनच माणसांना वाटलं, आबांना आणि मला. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती जादाची अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली.

त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत, ऐन ऊसतोडीच्या दिवसांत, आबांना न्यूमोनिया झाला. थोरल्याचा फोन आला तेव्हा ते सांगलीच्या दवाखान्याच्या वाटेवर होते. मी मिळेल ती एसटी पकडून साताऱ्याहून निघाले. पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आबांच्या घशात नळी होती, नळीला मशीन होतं, आणि दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधलेली होती. अगदी व्यवस्थित, खाली कापूस घालून, मऊ पट्टीने. कुणी निष्काळजीपणाचा आरोप करू नये इतकी काळजी घेतली होती.

मी बाहेर येऊन थोरल्याला विचारलं की तुला आबांचं बोलणं आठवत नव्हतं का. तो भिंतीला टेकून उभा होता, पायात शेतातलीच चप्पल. म्हणाला, "डॉक्टर म्हनले, आत्ता नळी न्हाई घातली तर जातील. मग मी काय म्हनायचं हुतं? जाऊ द्या म्हनू? मला गावात तोंड दावायचं हाय."

सही करायच्या वेळी तो तिथे होता आणि मी कराडच्या स्टँडवर गाडी सुटायची वाट बघत होते. लांबून तत्त्वनिष्ठ राहणं नेहमीच सोपं असतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे शहाळी न्यायची, हा नियम आहे. पेशंटच्या तोंडात नळी आहे, तो बेशुद्ध आहे, त्याला चमचाभर पाणीही चालत नाही, ही माहिती त्या नियमाला लागू होत नाही. थोरल्याच्या गाडीची डिकी शहाळ्यांनी भरली. मग येणाऱ्यांनीच ती सोलून घ्यायची, स्ट्रॉ घालून प्यायची, आणि काचेतून आबांकडे बघून म्हणायचं, "चेहरा चांगला वाटतोय की." चेहऱ्याचा अर्धा भाग चिकटपट्टीखाली होता. उरलेल्या अर्ध्यावरून ते हा निष्कर्ष काढत असावेत.

तिथली डॉक्टर तरुण होती. डोळ्यांखाली काळं, पण बोलायला स्पष्ट. तिने आम्हाला बसवून सांगितलं की फुप्फुसं आता मशीनशिवाय चालणार नाहीत, मूत्रपिंडांनीही मान टाकली आहे. मशीन आता आजार बरा करत नाहीये, फक्त शेवट लांबवतंय. आपल्या देशात विषाचं इंजेक्शन देऊन मरण देता येत नाही, पण आशा उरलेली नसताना असं मशीन काढायला कायद्याने परवानगी आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पेशंटला तपासून होकार द्यावा लागतो आणि घरच्यांची संमती लागते. श्वास कोंडून त्रास होऊ नये म्हणून औषध देता येतं. मग तिने विचारलं, "ते स्वतः याबद्दल कधी काही बोलले होते का?"

मी तिला तो रविवार सांगितला. माशीसकट. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं. आबांचं ते बोलणं अभद्र न समजणारी मला भेटलेली ती पहिली व्यक्ती. त्याच दिवशी तिने दोन्ही मंडळांच्या तपासण्यांची तयारी सुरू केली.

आमची बैठक दवाखान्याच्या पार्किंगमध्ये चहाच्या गाड्याजवळ भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच आबांचे धाकटे भाऊ, आमचे काका. पांढरी टोपी, पांढरा सदरा, छातीच्या खिशात दुमडलेलं छोटं पंचांग. भावकीत लग्नाच्या तारखेपासून बोअरच्या जागेपर्यंत त्यांचा शब्द चालतो. डॉक्टर काय म्हणाली ते मी सांगितलं. काकांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मरन द्येवाच्या हातात हाय. आपुन कोन मदी पडनार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. या वाक्यावर मान न डोलावणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. मी म्हटलं की नळी घातली तेव्हा आपण मध्ये पडलोच की. त्यावर काका म्हणाले की नळी म्हणजे औषध, आणि औषध देणारा डॉक्टर म्हणजे देवच. म्हणजे घालताना देव डॉक्टरच्या रूपात येतो आणि काढताना पोलिसाच्या, असा काहीतरी हा हिशेब होता. धाकटा आदल्या रात्रीच पुण्याहून आला होता. त्याने सगळे रिपोर्ट अमेरिकेतल्या कुणाला तरी पाठवले होते. प्रत्येक घरात अमेरिकेतला असा कुणीतरी असतो, वर्गमित्राचा मेहुणा किंवा मेहुण्याचा वर्गमित्र. तिकडून सल्ला आला, 'वेट अँड वॉच'. तेवढं तर आमच्या गावचा कंपाउंडरही सांगत होता, पण त्याचं कोणी ऐकलं नसतं.

तेव्हा ठरलं असं की काहीच ठरवायचं नाही. हा आमच्या घराण्याचा आवडता निर्णय आहे.

डॉक्टरांच्या मंडळांनी होकार दिला. आम्ही दिला नाही. आबा त्या पट्ट्यांत पडून राहिले. आणि मग एका सकाळी डॉक्टर म्हणाली की त्यांचं ब्लडप्रेशर आपोआप उतरतंय, बहुतेक आज किंवा उद्या ते मशीन चालू असतानाच जातील. मला बरं वाटलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, मला खरोखर बरं वाटलं. वाटलं, आमच्यातल्या कुणालाच हिंमत झाली नाही हे ओळखून आबांनी आपलं काम आपणच करायला घेतलं. फौजेतही ते असंच करायचे म्हणे.

पण काकांनी खिशातलं पंचांग काढलं.

त्या दिवशी सूर्योदयाच्या आधीच पंचक लागलं होतं. चंद्र पाच नक्षत्रांतून जाईपर्यंत ते चालतं, जवळजवळ पाच दिवस. त्यात माणूस गेला तर तो एकटा जात नाही, पाच जणांना बोलावून घेतो, असं आमच्याकडे मानतात. काकांनी पान उघडून दाखवलं तशी पार्किंगमधली सगळी वेदान्ती मंडळी एकदम जागी झाली. कालपर्यंत ज्या मरणाला हात लावणं पाप होतं, त्याला आता तारीख द्यायची होती. वहिनीने तोंडावर पदर घेतला. धाकट्याने मोबाईलवर पंचांगाचं ॲप उघडून खात्री करून घेतली, कारण सायन्स लय पुढे गेलंय. आणि थोरल्याला डॉक्टरकडे पाठवण्यात आलं, काहीही करा पण पंचक सुटेपर्यंत आबांना ठेवा, असं सांगायला.

डॉक्टर सांगलीचीच होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने एवढंच विचारलं, "कधी सुटतंय?"

मग ती म्हणाली की ते राहतीलच असं मी सांगू शकत नाही, पण तुम्ही थांबवा म्हणत नाही तोवर मला औषध थांबवता येत नाही. ब्लडप्रेशर वर ठेवणारं औषध वाढवलं गेलं. ते लागू पडलं. आबांनी आयुष्यभर हुकूम पाळले होते, हाही पाळला. डॉक्टर तयार होते, कायदा तयार होता, आबा तर कधीचेच तयार होते. अडलं होतं ते नक्षत्रापाशी.

माझा संताप अनावर झाला. मी बैठकीत, सगळ्यांसमोर, काकांना म्हणाले, "काका, मरन देवाच्या हातात हाय म्हनला हुता न्हवं? मग त्येला पंचांग बगता येत न्हाई का? तुमी वाचून दावताय त्येला?"

असं मी काकांशी कधी बोलले नव्हते. चहाच्या गाड्यावरची परकी माणसंसुद्धा वळून बघू लागली. मला वाटलं काका आवाज चढवतील. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बोलू लागले.

"तुझी काकू पंचकात गेली. भटजीनं पिठाचं पाच पुतळं करायला लावलं. केलं. तिच्यासंगं जाळलं. तरीबी वरीस भरायच्या आत माजं पोरगं गेलं. सुट्टीवर आल्तं. हायवेवर गाडी घसरली." टोपीची घडी त्यांनी परत नीट केली. "तू शिकल्याली हाईस. तू म्हनशील, त्येचा आन् ह्येचा काय संबंध. नसंल संबंध. पर थोरल्याची दोन पोरं हाईत घरात. मला पुन्यांदा मोजत बसायचं न्हाई गं."

विज्ञान शिकवण्यात माझी सगळी हयात गेली. अपघाताचा आणि चंद्राचा काही संबंध नाही हे मी आठवीच्या वर्गाला झोपेतही पटवून दिलं असतं. काकांना मी काही पटवून दिलं नाही. मला त्यांचा रागही राहिला आणि त्यांची दयाही आली, आणि या दोन्हींतलं काहीच आबांच्या मनगटांच्या उपयोगाचं नव्हतं.

मी डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं की पंचक राहू दे, निदान हात तरी सोडा. ती म्हणाली की गुंगी थोडी जरी उतरली तरी त्यांचा हात नळीकडे जातो, नळी निसटली तर फार वाईट प्रकारे जीव जाईल. मी म्हटलं मी शेजारी बसते, हात धरून ठेवते. तिने विचार केला आणि दुपारी भेटायची वेळ नसताना मला आत बसायला परवानगी दिली. सिस्टरने उजव्या हाताची पट्टी सोडली. मनगटावर कापसाचे धागे चिकटले होते, ते मी काढले. हात सुजलेला, पण ओळखीचा. याच हाताला धरून मी पहिल्यांदा कृष्णेच्या पाण्यात उतरले होते.

थोडा वेळ हात माझ्या हातात पडून राहिला. मग बोटं हलली. मला वाटलं ते माझा हात दाबताहेत, आणि मी वेड्यासारखी खूश झाले. हात वर उचलला जाऊ लागला, नळीच्या दिशेने. मी तो धरला. त्यांनी जोर केला, मी जास्त जोर केला. त्यांनी डोळे किलकिले केले. मला ओळखलं का ते सांगता येणार नाही, पण त्या डोळ्यांत जे होतं ते मी त्या रविवारच्या बोलण्यात ऐकलं होतं. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात गादीवर दाबून ठेवला आणि रडत राहिले. पट्टी सुटली होती आणि पट्टीच्या जागी मी आले होते. शिवाय पट्टीच्या खाली कापूस तरी असतो.

सिस्टर आली, तिने गुंगीचं औषध वाढवलं, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या दुपारीही मी गेले आणि त्याच्या पुढच्याही. औषधामुळे हात परत तसा उचलला गेला नाही. मी नुसती धरून बसायचे, आणि मी उठले की पट्टी परत बांधली जायची. बाहेर शहाळी येतच होती.

पंचक एका सकाळी सुटलं. त्या क्षणापासून आमच्या नातेवाइकांची मतं जी पालटली, ती बघायला आबा शुद्धीवर असायला हवे होते. ज्यांनी ज्यांनी मरण देवाच्या हातात दिलं होतं, त्या सगळ्यांना अचानक आबांचे हाल बघवेनात. किती दिवस त्या जिवाला कोंडून ठेवायचं, अशी विचारणा माझ्याकडेच होऊ लागली, जणू मीच त्यांना अडवून बसले होते. एक आत्या तर म्हणाल्या की तुम्हा शिकलेल्या लोकांना मशीनचा फार सोस. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे त्या घडीला मला दोन्ही बाजूंनी लागू वाटत होतं.

थोरल्याने आणि धाकट्याने संमतीच्या सह्या केल्या. डॉक्टर म्हणाली की इथेच, आमच्या देखत, शांतपणे करता येईल. पण आबांनी घरी म्हटलं होतं, आणि ही एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती. कारण अंगणात, जमिनीवर, तुळशीपाशी जीव जावा, असं काकांचंही म्हणणं होतं. घुसमट होऊ नये म्हणून डॉक्टरने औषध देऊन ठेवलं, आणखी लागलं तर द्यायलाही बरोबर दिलं, आणि सोबत दवाखान्यातला एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, पाठवला. निघताना तिने आबांच्या दोन्ही पट्ट्या स्वतः सोडल्या. खिडकीबाहेर तेव्हाही कुणीतरी नारळवाल्याशी भाव करत होतं.

अँब्युलन्समध्ये मी आबांच्या उशाशी बसले. नळीला मशीनच्या जागी रबरी फुगा लावलेला होता आणि ब्रदर तो एका लयीत दाबत होता. सांगलीच्या बाहेर पडलो आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलो. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी मोठ्ठा स्पीकर. आमचा सायरन त्या गाण्यापुढे कुणाला ऐकू जाणार. कारखान्याकडे वळणारा फाटा येईपर्यंत आम्ही बैलाच्या चालीने गेलो. आबांनी उभी हयात असाच ऊस घातला होता, आणि वजनकाट्यावर थांबायची त्यांना सवय होती. ब्रदर मात्र घामाघूम झाला. मी त्याला म्हटलं की थोडा वेळ मी दाबते. तो नको म्हणाला.

अंगण सारवून तयार होतं. तुळशीपुढे घोंगडं अंथरलेलं. आबांना उतरवून त्यावर निजवलं. सगळी भावकी भिंतीच्या कडेने उभी. काकांनी कृष्णेच्या पाण्याची वाटी आणली. ब्रदर आबांच्या डोक्याशी गुडघे टेकून फुगा दाबत होता. त्याने वर बघून विचारलं, "काढू का?"

इतके दिवस ज्यांना ज्यांना मत होतं, त्यांतल्या एकालाही आता आवाज नव्हता. काकांनी वाटीतल्या पाण्याकडे पाहिलं. धाकट्याने मोबाईल काढला आणि बंद स्क्रीनकडे बघत राहिला. थोरला तोंड फिरवून गोठ्याकडे वळला. सह्या झाल्या होत्या, नक्षत्र सुटलं होतं, आणि उरलं होतं फक्त एक शब्द बोलणं. ब्रदर फुगा दाबत राहिला.

मी म्हणाले, "काढा."

माझा आवाज शाळेत हजेरी घेताना निघतो तसा निघाला. तो तसा कोरडा का निघाला हे मला अजून समजलेलं नाही. त्याने चिकटपट्टी हळूच सोडवली आणि नळी काढली.

आबा एकदम गेले नाहीत. आपला आपण श्वास घेत राहिले, तोकडा, थांबून थांबून, पण त्रास होतोय असं दिसत नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता. मिशीवर चिकटपट्टीचा गोंद लागला होता, तो मी ओल्या फडक्याने पुसला. आणि मग त्यांचा उजवा हात उचलला गेला. सगळे पुढे सरसावले. वहिनी म्हणाली की कायतरी सांगत्यात, काका म्हणाले की हात जोडत्यात, तुळशीला नमस्कार करत्यात. हात हळूहळू चेहऱ्याकडे गेला आणि आबांनी नाक खाजवलं.

नीट, समाधान होईपर्यंत खाजवलं. मग हात छातीवर ठेवून दिला. ऊन तुळशीवरून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबला.

त्यानंतर जे बोललं गेलं ते ऐकण्यासारखं होतं. माणूस भाग्यवान. पोरंबाळं जवळ होती. घरच्या अंगणात गेला. पंचक टाळून गेला. देवाने वेळ कशी साधली बघा. देवाने साधली. ब्लडप्रेशरचं औषध, डॉक्टर, ब्रदर आणि माझा तो एक शब्द, यांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. खरं तर मला तेच हवं होतं. नाहीतर गावाने दुसरी गोष्टही सांगितली असती.

दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. आंघोळ घातली, नवं कापड घातलं, तिरडीवर घेतलं. काका सगळं सांगत होते आणि माणसं करत होती. पायाचे दोन्ही अंगठे सुताने एकत्र बांधतात, ते बांधून झाले. मग काकांनी आबांचे दोन्ही हात छातीवर घेतले, अंगठ्याला अंगठा जुळवला आणि सुताचा दुसरा तुकडा मागितला. आमच्याकडे हातांचेही बांधतात.

मनगटांवर पट्ट्यांचे वण तसेच होते. दोन्हीकडे, गोल.

"हात बांधायचं न्हाईत," मी म्हणाले.

काकांनी वर पाहिलं. म्हणाले की अगं, रीत हाय, वाटेत हात निसटंल, बरं दिसत न्हाई. बायकांत कुजबूज झाली. मी म्हटलं, "निसटू दे. त्यांनी सांगितलं हुतं. मी बरं म्हनलं हुतं."

सुताचा तुकडा काकांच्या हातात तसाच होता. ते त्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. थोरला पुढे आला. त्या पहिल्या दिवसापासून तो माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता. त्याने काकांच्या हातातून सूत घेतलं, स्वतःच्या खिशात घातलं, आणि आबांचे हात सुटे करून दोन्ही बाजूंना ठेवले. मग वाकून तिरडीला खांदा दिला.

आमच्याकडे बायका दारापर्यंतच जातात. मी दारात उभी राहिले. गल्लीच्या वळणावर तिरडी थोडी कलली आणि आबांचा उजवा हात खरोखरच कापडाखालून निसटून बाहेर आला. माणसांच्या चालीबरोबर तो पुढेमागे हलू लागला, परेडला हलतो तसा. काकांनी तो आत घालायला हात पुढे केला. थोरल्याने खांदा न हलवता मान हलवून नको म्हटलं. काकांनी आपला हात मागे घेतला.

दूध डेअरीपाशी माणसं वळेपर्यंत तो हात मला दिसत होता.